पटण्याजोगी

सर्व्हेअरच्या अहवालातलं सातवं पान,
आणि त्यात अडून बसलेलं एक वाक्य:
बोटमालकाची हकिकत प्लॉझिबल आहे.

देवगड कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या टपरीत
पानाला साठ रुपयांनी मी इंग्रजीचं मराठी करते.
बाकी सगळं उतरलं.
इंजिन सहा सिलिंडरचं, जाळी अकरा,
वारा नैऋत्येचा, बुडाल्याची वेळ पहाटे सव्वातीन.
हा एकच शब्द नांगर टाकून उभा.

विश्वसनीय लिहावं,
तर सर्व्हेअरने विश्वास कुठे ठेवलाय?
संभाव्य लिहावं, तर तो हवामान खात्याचा.
खरी वाटणारी म्हटलं
की 'वाटणारी' लगेच डोळा मारते.

जामसंड्याच्या वाचनालयात एक जाडा कोश आहे,
मधली पानं वाळवीने चाळलेली.
त्यात या शब्दाच्या मुळाशी टाळ्या निघाल्या.
ज्याला टाळ्या पडाव्यात, ते.
मग कधीतरी अर्थ घसरला:
वरून गुळगुळीत, आत काय ते देव जाणे.
मे महिन्यात नाक्यावर लागतात तशा पेट्या,
शिक्का देवगडचा, गवत देवगडचं,
फळ घाटापलीकडचं.

टाळ्यांचं म्हणाल तर
जत्रेत पावडरीखालून दाढीची निळी रेघ दिसत असते,
तरी राणीने पोर मांडीवर घेतलं
की पुढच्या रांगेतल्या बायका पदर लावतात डोळ्यांना.
त्याला काय म्हणायचं, कोशात नव्हतं.

बोटमालक भालचंद्र कुबलने साक्ष दिली ती अशीच.
लाट किती पुरुष उंच, कुठल्या अंगाने आली,
फळी कशी कडाडली,
आणि सगळं गेल्यावर
पूजेचा नारळ तेवढा पाण्यावर डुलत राहिला.
नारळापाशी शिरस्तेदारसुद्धा लिहायचा थांबला.
त्या रात्री कुबल कुडाळात होता, भाचीच्या साखरपुड्याला.

तांडेल रुक्मांगद तारी बोटीवर होता.
त्याला वकिलाने विचारलं, खडपाला लागली का?
"लागली... म्हंजे आवाज इलो. दिसला नाय काय."
लाट केवढी?
"काळोख होतो."
मग बुडाली कशी?
तो आपल्या हातांकडे बघत राहिला,
जणू ते सांगतील.
अहवालात त्याच्यापुढे लिहिलंय: विसंगत.
हा शब्द भाषांतराला सोपा गेला.

आज तो टपरीच्या बाकड्यावर बसलाय,
आधारकार्डाच्या दोन प्रती काढायला.
मी विचारलं, तो नारळ खरंच तरंगत होता?
म्हणाला, "माका म्हायत नाय, बाय.
मी पोवत होतंय."

रात्री कुवेतहून नवऱ्याचा फोन येतो.
सुट्टी याही वेळी मंजूर नाही,
साहेब नवीन आहे, माणसं कमी आहेत,
विमानाचं तिकीट तर विचारूच नकोस.
सगळं जुळतं. कुठे फट नाही.
मी टाळी वाजवत नाही,
नुसतं हूं म्हणते, आणि त्या हूंमध्ये
बरंच काही जमा होत जातं.

शेवटी टाइप केलं: पटण्याजोगी.
पटली असं नाही. पटण्याजोगी.
म्हणजे दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही,
आत कोण बसलंय याची जबाबदारी माझी नाही.

पाच प्रती निघाल्या.
टेबलाशी कारकुनाने न वाचता
एकेका पानावर जांभळा शिक्का मारला:
खरी नक्कल.

रुक्मांगद तोवर गेला होता,
एक प्रत काचेवरच विसरून.
त्याचा फोटो आधीच काळा, झेरॉक्समध्ये आणखी काळा,
कोणालाही हा तोच आहे असं पटलं नसतं.

कुबलच्या वकिलाला बिल दिलं.
सातवं पान त्यात धरलं नाही.